पांढरे चौकोन

एखाद्या घरात सत्ता कोणाची चालते हे ओळखावयाचे असेल, तर माणसांकडे न पाहता स्वयंपाकघराच्या भिंतीकडे पाहावे, अशी माझी जुनी समजूत आहे. माझ्या लहानपणी आमच्या भिंतीवर पंचांग टांगलेले असे. त्याला विचारल्यावाचून आई कांदादेखील चिरीत नसे. पुढे माझ्या संसारात त्या खिळ्यावर मुलाच्या शाळेचे वेळापत्रक चढले, आणि मुलगा परदेशी गेल्यावर तो खिळा माझ्या औषधांच्या कागदाकडे आला. गेल्या उन्हाळ्यात मी मुलाकडे अमेरिकेतील ओहायओ राज्यात गेलो, तेव्हा तेथील भिंती अगदी स्वच्छ होत्या. परंतु फ्रिजच्या दारावर लोहचुंबकाने चिकटवलेला एक कागद होता. त्यावर जून, जुलै आणि ऑगस्ट हे तीन महिने चौकोनाचौकोनांनी छापलेले होते. पुष्कळसे चौकोन हिरवे, काही पिवळे, अगदी थोडे पांढरे. हिरव्या दिवशी सकाळी दहा ते रात्री दहा, पिवळ्या दिवशी अकरा ते आठ, आणि पांढऱ्या दिवशी बंद, असा खुलासा खाली दिला होता. घरातील जेवणे, बाजार, मोटारीची नेआण, इतकेच काय पण सुनेची डोकेदुखीसुद्धा त्या कागदाच्या अनुज्ञेने चालत असे.

तो कागद घरापासून अर्ध्या तासावर असलेल्या एका थीम पार्कचा होता, आणि माझी एकोणीस वर्षांची नात तेथे उन्हाळ्यापुरती नोकरीस होती. नोकरी पाळण्यावरची. म्हणजे पाळण्यात माणसे बसवावयाची, त्यांच्या मांडीवरचा दांडा ओढून पाहावयाचा, आणि फेरी संपली की त्यांना उतरवून घ्यावयाचे. मी हे फोनवर माझ्या बहिणीला सांगितले, तेव्हा ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, "तिकडे तेही चालतं म्हणा." कॉलेजात शिकणारी मुलगी जत्रेतल्या पाळण्यावर उभी राहते, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढे नीट उभे राहीना. खरे सांगावयाचे तर माझ्याही राहीना.

मी मात्र एका कामासाठी गेलो होतो. नातीला मराठी बोलता येते, वाचता येत नाही. दोन वर्षांपूर्वी तिची आजी गेली. तिच्यामागे एक वही राहिली. तीत पदार्थांच्या कृती आहेत, वाण्याचे हिशेब आहेत, आणि मधूनमधून माणसांविषयीचे असे काही शेरे आहेत की, ते वाचून मी अजूनही एकटाच हसतो. "आजोबा, ती वही मला माझी मला वाचायची आहे," असे नात म्हणाली होती. म्हणून ती वही एका रेशमी खणात गुंडाळून मी सात समुद्र ओलांडले, आणि येऊन पाहतो तो नात हिरव्या चौकोनांत गडप झालेली. सकाळी साडेआठला ती निघे आणि रात्री अकराला परते. मला तिचे दर्शन घडे ते न्याहारीच्या वेळी, एका हातात पाव नि दुसऱ्या हातात बुटाची नाडी अशा अवस्थेत. त्या अवस्थेत बाराखडी शिकविता येत नाही.

त्या लोकांचा या उद्यानांवर जीव का, हे मी प्रथम समजून घेऊ लागलो. आपल्याकडच्या शहरांजवळ हल्ली जी अशी उद्याने झाली आहेत ती बारमाही आहेत. तिकडे उत्तरेकडच्या प्रांतांत हिमवर्षाव होतो, आणि उघड्यावरचे लोखंडी रूळ नि चाके त्या थंडीत चालविण्यात अर्थ नसतो. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड १९५५ साली उघडले ते वर्षभर चालते, कारण तेथे हिवाळा नावापुरता असतो. ओहायओतील सीडर पॉइंटचा आरंभ १८७० साली सरोवराकाठच्या स्नानाच्या जागेपासून झाला. तेथे उन्हाळा हाच हंगाम. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कित्येक ट्राम कंपन्यांनी, रविवारी गाड्या रिकाम्या धावू नयेत म्हणून, मार्गाच्या टोकाशी मुद्दाम अशी उद्याने काढली. आधी गाडी आणि मग जाण्याचे ठिकाण, हा क्रम मला फार आवडला! मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी तिकडे सैनिकांचा स्मृतिदिन असतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी श्रमिकांचा दिन. या दोन सोमवारांच्या मधले जे शंभर दिवस, तेच या उद्यानांचे सुगीचे. पुढे शरद ऋतूत शनिवार-रविवारची थोडीबहुत वर्दळ असते, पण वर्षाची भाकरी त्या शंभर दिवसांतच भाजून घ्यावयाची असते. म्हणजे शब्द काही असो, वस्तू आपल्या ओळखीची आहे. ही जत्राच आहे. फक्त एवढेच की देव नाही आणि पार्किंगला पैसे पडतात.

एका पिवळ्या दिवशी धाकट्या नातवाला घेऊन मी तेथे गेलो. नात ज्या पाळण्यावर होती तो म्हाताऱ्यांनाही सोसावा इतपत सौम्य होता, असे तिनेच सांगितले होते. दाराशी उंची मोजण्याची एक काठी होती. मोठ्या रोलर कोस्टरला ४८ इंच लागत आणि नातू एक बोट कमी भरला, तेव्हा त्याने आकाशपाताळ एक केले. आमच्या पाळण्याला मात्र तेवढ्या उंचीची अट नव्हती. रांगेत आम्ही पाऊण तास उभे होतो. अखेर आत बसलो तेव्हा नात ओळीने एकेका बैठकीशी येत होती. प्रत्येक दांडा ती दोनदा ओढी, एकदा खाली नि एकदा वर, आणि डोळे त्या दांड्यावरून काढीत नसे. माझ्यापाशी आली तेव्हा मी हसलो. ती हसली नाही. दांडा दोनदा ओढून ती पुढच्या बैठकीकडे गेली. मग पलीकडच्या टोकाच्या मुलाने आणि हिने एकमेकांना अंगठा उभारून खूण केली, दोघांनी आपापली कळ दाबून धरली, आणि मगच गाडी हलली. एकट्याच्या हाताने ती हलतच नाही, अशी तेथे योजना आहे. संध्याकाळी मी तिला म्हणालो, "आजोबांकडे पाहिलंसुद्धा नाहीस." ती म्हणाली, "आजोबा, त्या वेळी पाहिलं असतं तर तुमच्याकडे पाहिलं असतं आणि दांड्याकडे नाही." या उत्तराने मी निरुत्तर झालो, आणि थोडा सुखावलोही.

त्याच संध्याकाळी मी त्या पाऊण तासाची तक्रार केली. फलाटाबाहेर दुसरी एक गाडी झाकण घालून उभी होती. ती का चालवीत नाहीत, असे मी विचारले. ती म्हणाली, "गाड्या दोन आहेत, आजोबा, माणसं एकाच गाडीपुरती आहेत." दोन गाड्या फिरवावयाच्या तर एक उतरत असताना दुसरी भरली पाहिजे, आणि तेवढे हात फलाटावर पाहिजेत. ते नसले की गाडी एक, आणि रांग दुप्पट. रांगेत उभा राहणारा मात्र यंत्राला शिव्या देतो.

माझे बालपण नारायणगावच्या परिसरात गेले. तेथे गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रांसाठी गावोगावचे पुढारी सुपारी द्यावयास येतात. फडमालकाचे अर्धे भांडवल कलावंतांना दिलेल्या उचलीत गुंतलेले असते. ज्याने उचल घेतली तो हंगाम संपेपर्यंत बांधला गेला. ऊसतोडीलाही हीच रीत आहे. नातीच्या उद्यानात याच्या उलट प्रकार निघाला. हंगामाच्या अखेरच्या दिवसापर्यंत जो टिकेल त्याला वर काही रक्कम मिळावयाची. मध्येच जो गेला त्याने ती सोडली. माणसाला धरून ठेवण्याची गरज दोन्हीकडे तीच. आमच्याकडे दोरी मागून बांधतात, तिकडे पुढे गाजर टांगतात. दोहोंत अधिक माणुसकीची कोणती, असे मला कोणी विचारील तर मी गाजर म्हणेन. गाजर न खाता घरी जाता येते, उचल न फेडता जाता येत नाही.

आणि आमच्या जत्रेतला पाळणेवाला? त्याचा पाळणा लाकडी होता, चार खोक्यांचा. दोन माणसे आऱ्यांवर चढून आपल्या भाराने तो फिरवीत. त्याला वेळापत्रक नव्हते. लोक असतील तोवर पाळणा. मनुष्यबळाचा प्रश्न त्याने लग्न करून सोडविला होता: बायको पैसे घेई, भाऊ नि मुलगा आऱ्यांवर चढत. तो मुलगा माझ्याच वयाचा होता. तीन दिवसांच्या जत्रेत तो त्या पाळण्यावर शेकडो वेळा चढला असेल. पण बसलेला मी त्याला एकदाही पाहिला नाही. ही गोष्ट मला इतक्या वर्षांनी, ओहायओत, झाकण घातलेल्या त्या गाडीकडे पाहताना आठवली.

जूनच्या मध्यावर एक दिवस तो कागद बदलला. नव्या कागदावर प्रत्येक मंगळवार आणि बुधवार पांढरा होता. पुरेशी माणसे मिळत नाहीत, सबब आठवड्यातून दोन दिवस उद्यान बंद राहील, असा निरोप नोकरांना आला होता. मुलगा म्हणाला, पोरीची मिळकत घटणार. नातवाने रडण्याची तयारी केली. मी मात्र तोंड गंभीर ठेवून चहाचा दुसरा पेला ओतून घेतला. आठवड्याला दोन दिवस! मनातल्या मनात मी वहीची पाने मोजू लागलो होतो.

नातीने मला त्याचा हिशेब कागदावर मांडून दाखविला. तिच्यातील आजीचा गुण तेव्हा मला दिसला. एका जागेवर दिवसाला बारा तास माणूस हवा. सात दिवसांचे झाले चौऱ्याऐंशी. एक माणूस आठवड्याला चाळीस तास काम करणार, तर त्या एका जागेला दोनहून अधिक माणसे लागतात. पाच दिवस उघडे ठेवले तर साठ तास, म्हणजे दीड माणूस. शंभर जागांना सात दिवसांसाठी दोनशे दहा, पाच दिवसांसाठी दीडशे. उरलेली साठ माणसे जर मिळतच नसतील, तर सात दिवस अर्धवट चालण्यापेक्षा पाच दिवस नीट चालावे. यावर जेवणाची सुट्टी नि आजारपण धरलेलेच नाही. शिवाय वयाची भानगड. सोळा वर्षांखालच्या मुलाला पाळणा चालविता येत नाही. चौदा-पंधरांच्या मुलांना मक्याच्या लाह्या विकता येतात, पण कायद्याप्रमाणे उन्हाळ्यातही रात्री नवानंतर नाही. म्हणून दहापर्यंत उघड्या असलेल्या उद्यानात नवाला लाह्यांची एकेक खिडकी मिटू लागते, आणि गिऱ्हाइकांना त्याचे कारण कळत नाही.

हे संकट त्या एकाच उद्यानाचे नव्हते. २०२० सालच्या जूनमध्ये तेथील राष्ट्राध्यक्षांनी परदेशी विद्यार्थ्यांना उन्हाळी कामासाठी मिळणारा परवाना स्थगित केला, तो २०२१च्या मार्चअखेरपर्यंत. ही मुले देशोदेशींहून जास्तीत जास्त चार महिन्यांसाठी येतात आणि कित्येक उद्यानांचा हंगाम त्यांच्या खांद्यांवर उभा असतो. २०२१च्या उन्हाळ्यात महामारी ओसरू लागली, लोक करमणुकीसाठी आसुसले, आणि हात मात्र मिळेनात. त्या वर्षी सीडर पॉइंटने जूनमधील काही वार उद्यान बंद ठेवले आणि मजुरी ताशी वीस डॉलरपर्यंत चढविली. मध्यवर्ती कायद्याने २००९ साली ठरविलेली किमान मजुरी ताशी सव्वासात डॉलरची आहे. त्याहून मौज अशी की, जे उद्यान वर्षातून सात महिन्यांहून अधिक उघडे राहत नाही, किंवा ज्याची मंदीच्या सहा महिन्यांची सरासरी प्राप्ती तेजीच्या सहा महिन्यांच्या एक तृतीयांशाहून अधिक नाही, त्याला हा कायदा किमान मजुरीचे नि जादा तासांचे बंधनच घालीत नाही. जत्रा ती जत्रा, असे सरकारनेही मानले आहे. पण कायद्याने मोकळीक दिली तरी माणूस यावा लागतो, आणि तो येईना तेव्हा सव्वासातचे वीस झाले.

या शंभर दिवसांसाठी त्या देशात शाळांची घंटासुद्धा हलविली गेली आहे, हे मला ठाऊक नव्हते. व्हर्जिनिया राज्यात १९८६ साली असा कायदा झाला की, श्रमिक दिनापूर्वी शाळा उघडू नयेत. आणि लोक त्या कायद्याला तेथील किंग्ज डोमिनियन या करमणूक-उद्यानाच्या नावानेच ओळखू लागले. २०१९ साली तो सैल केला. मिशिगन राज्यानेही २००५ साली तशाच अर्थाचा कायदा केला. शाळा लवकर उघडली की उद्यानाचे गिऱ्हाईक जाते, हे तर उघडच आहे. पण त्याच दिवशी उद्यानाचा नोकरही जातो, ही गोष्ट मला नातीने सांगितली तेव्हा उमगली. पाळण्यात बसणारा आणि पाळणा चालविणारा, दोघेही एकाच घंटेची लेकरे. आपल्याकडे जूनमध्ये शाळा उघडते ती पावसाबरोबर. तेथे ढग नसून रोलर कोस्टर वजन टाकतो, एवढाच फरक.

पांढऱ्या मंगळवार-बुधवारी आमचा वर्ग भरू लागला. नात जरा उशिरा उठे. मग आम्ही परसातल्या बाकावर वही घेऊन बसत असू. पहिल्या आठवड्यात अक्षरे झाली. दुसऱ्यात ती 'साखर' आणि 'सासर' यांत गोंधळली, आणि आजीने त्या पानावर जो शेरा मारला होता तो पाहता हा गोंधळ फारसा चुकीचा नव्हता. जुलैच्या आरंभी तिने कागदावरचा प्रत्येक पांढरा चौकोन शाईने भरून टाकला. अक्षर एकच: 'वही'. शिरोरेषा ती सर्वांत शेवटी, एका दमात ओढी, आणि ती हटकून वाकडी जाई.

अशाच एका मंगळवारी तिची पाण्याची बाटली आणि ओळखपत्र उद्यानातील तिच्या कपाटात राहिल्याचे लक्षात आले. मीही तिच्याबरोबर मोटारीत बसलो. मोटारी उभ्या करण्याचे ते अफाट मैदान रिकामे होते. फाटकापाशी मात्र दुसऱ्या राज्याच्या पाटीची एक गाडी उभी होती, आणि दोन लहान मुले गज धरून आत पाहत होती. त्यांचे वडील गाडीपाशी उभे राहून फोनवर काहीतरी वाचत होते. ते त्यांनी चार तास आधी वाचावयास हवे होते. आई मुलांना समजावीत होती. आत तो सौम्य पाळणा स्थिर उभा होता आणि त्याच्यावर कावळे बसले होते.

मला वाटले, आपण गाडीतच बसून राहावे. हे दार मी लावलेले नाही, हे मला पुरते ठाऊक होते. तरीही गेल्या तीन आठवड्यांत ते लागल्याचा आनंद ज्या कोणाला झाला असेल, त्यांत मी पहिला होतो, हेही ठाऊक होते. नात खाली उतरली. तिने त्या मुलांशी गुडघे टेकून काही बोलणे केले. मोठ्याला उभे करून तळहाताने त्याची उंची मोजली, आणि मोठ्या रोलर कोस्टरला तो पुरेल अशी ग्वाही दिली. वडिलांना तिने गुरुवारी किती वाजता आल्यास रांग कमी असते ते सांगितले. त्यांना बुधवारी परत जावयाचे होते. परतताना ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "माझ्या पाळण्यावर आणखी दोघं असती तर आज उघडं असतं." मी म्हणालो, "मग वही?" ती म्हणाली, "वही रात्री वाचली असती." मी काही बोललो नाही. रात्री अकराला येणारी मुलगी वही वाचीत नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होते. त्या दिवशी मात्र आम्ही चार पाने वाचली. एरवी दोन होत.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात तिचे कॉलेज उघडले. अखेरपर्यंत न टिकल्यामुळे ती वरची रक्कम तिला मिळाली नाही; मिळावयाची नव्हतीच, तिच्या कॉलेजची तारीख मे महिन्यापासून ठरलेली होती. तिच्याबरोबर निम्मा फलाट गेला. पोहण्याच्या तलावांवरचे जीवरक्षक गेले, आणि तलाव सर्वांआधी बंद झाले. वही सत्तेचाळीसाव्या पानावर थांबली आहे. तेथे भरल्या वांग्यांची कृती आहे आणि तीत दाण्याचे कूट किती घालावे यावर आजी नि तिच्या जावेचा मतभेद नोंदलेला आहे. वही मी तिच्याच पेटीत घातली. "उरलेली मी वाचीन," असे ती म्हणाली.

माझे परतीचे तिकीट सप्टेंबरअखेरचे होते. सकाळी चहाचा पेला घेऊन मी सवयीने त्या कागदापाशी जाऊन उभा राही. ऑगस्टच्या शेवटच्या ओळींत सोमवारपासून गुरुवारपर्यंत सगळे चौकोन पांढरे होते. त्यांत काही लिहिलेले नव्हते.